मोठा ग्राफ तोडायला लूव्हाँ पुरे? अजिबात नाही

समभाग: ‘मेटिसचे दिवस संपले, कुठलाही ग्राफ तोडायला लूव्हाँ पुरे’ हे इथलंच कालचं विधान वाचून राहवलं नाही. दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेत. ग्राफ म्हणजे नोड (बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या एज (रेषा). मेटिस हे सॉफ्टवेअर त्याचे सारखे भाग पाडतं. लूव्हाँ ही पद्धत त्यातले दाट जोडलेले गट शोधते. ते किती निघतील, केवढे असतील, हे आपल्या हातात नसतं. मला १६ मशीनवर सिम्युलेशन चालवायचं, तर १६ सारखे भाग हवेत आणि मधल्या एज कमीत कमी. एक भाग फुगला की उरलेली १५ मशीन त्याच्यासाठी खोळंबतात. मेटिसचं के-वे पार्टिशन (हवे तितके भाग पाडणं) असमतोल ३ टक्क्यांत ठेवायला बघतं. लूव्हाँत ही अटच कुठे आहे?

हबवाला: विधान माझं आहे. तुमचे सिम्युलेशनचे मेश (जाळ्या) सपाट असतात हो, दर नोडला थोड्याच एज! आमच्या सोशल ग्राफमध्ये एकेका नोडला लाखो एज. मेटिससारखं शेजारी नोडांच्या जोड्या लावून ग्राफ आकसवायला जावं, तर हबला (अशा लाखो एजच्या नोडला) एकच जोडीदार मिळतो, बाकीचे शेजारी तसेच. रात्रभर चालवून मेमरी संपली, हाती शून्य. लूव्हाँच्या २००८ च्या मूळ पेपरातच ११.८ कोटी नोडचा वेब ग्राफ होता.

तुटकी_कड: आणि लूव्हाँ सुधारणाऱ्या लायडन पद्धतीचा २०१९ चा पेपर? लूव्हाँचे १६ टक्क्यांपर्यंत गट आतून चक्क तुटलेले निघाले. पण सगळ्यात चीड येते ती कराटे क्लबची, म्हणजे एका क्लबातल्या ओळखींच्या त्या छोट्या ग्राफची, ज्यावर सगळे आपली पद्धत दाखवतात. ३४ माणसं, ७८ एज! माझं काम कोट्यवधी एजवरचं, आणि परीक्षक विचारतात, ‘कराटे क्लबवर का नाही दाखवलं?’ वर्ष गेलं माझं त्यात.

फळा_खडू: कराटे क्लबला नावं ठेवू नका. तो क्लब खरोखर फुटला होता, त्यामुळे उत्तर ताडून बघता येतं. फीडलर व्हेक्टर ग्राफच्या मॅट्रिक्समधून दर नोडला एक आकडा देतो; त्याच्या अधिक-उणे चिन्हांवरून दोन तट पडतात, हे मी या क्लबवरच शिकवते. मुलांना तिथेच उमगतं.

तुटकी_कड: वर्गात खुशाल शिकवा. ३४ नोडवर जे चालतं ते मोठ्या ग्राफवर चालेलच, असं कोण सांगतं? परीक्षकांना कळायला नको?

फळा_खडू: परीक्षकांचा राग माझ्यावर कशाला? लहान उदाहरणावरही जी पद्धत चुकते, ती मोठ्यावर तपासायची तरी कशाला?

समभाग: विषयावर या. हबचा त्रास खरा, एवढं मान्य. पण मेटिसची ५ वी आवृत्ती दोन पावलांवरच्या, म्हणजे सामाईक शेजारी असलेल्या, नोडांच्याही जोड्या लावते. तेही पुरलं नाही तर हबच चिरा: पॉवरग्राफ या प्रणालीनं २०१२ मध्ये एज वाटल्या आणि हबच्या प्रती अनेक मशीनवर ठेवल्या. लूव्हाँ तरीही लागत नाही.

हबवाला: बरं, ‘कुठलाही’ हा शब्द काढतो. समतोल हवा तिथे लूव्हाँ नको. पण दोन पावलांच्या जोड्यांनी माझी मेमरी वाचेल, हे चालवून बघितल्याशिवाय मानणार नाही.