चर्चा धागा: एनबीएमधलं सगळ्यात जिवंत वैर इंडियाना आणि मिलवॉकीचं आहे

कार्मेलकर

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, विषय निघाला की आपल्याकडे लॉस एंजेलिसच्या लेकर्स आणि बॉस्टनच्या सेल्टिक्सच्या पुढे गाडी जात नाही. माझं मत वेगळं आहे. आज या लीगमधलं सगळ्यात जिवंत वैर इंडियाना पेसर्स आणि मिलवॉकी बक्स यांचं आहे, आणि दोन्ही शहरं लहान आहेत म्हणूनच ते इतकं जिवंत आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १३ डिसेंबर २०२३ ला मिलवॉकीत बक्सच्या यानिसने आमच्याविरुद्ध, म्हणजे पेसर्सविरुद्ध, ६४ गुण केले, बक्ससाठी एका सामन्यातला तो विक्रम. सामना संपल्यावर चेंडू कोणी नेला यावरून तो थेट आमच्या ड्रेसिंग रूमच्या दिशेने धावला. आमच्या टीमने चेंडू घेतला होता तो ऑस्कर चीब्वे या नव्या खेळाडूच्या कारकिर्दीतल्या पहिल्या गुणाची आठवण म्हणून. मग २०२४ च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पहिल्याच फेरीत आम्ही त्यांना ४-२ ने घरी पाठवलं, २०२५ मध्ये ४-१ ने. त्या शेवटच्या सामन्यात ओव्हरटाइमच्या अखेरच्या मिनिटात आम्ही सात गुणांनी मागे होतो आणि ११९-११८ ने जिंकलो. विजयी बास्केट आमच्या टायरिस हॅलिबर्टनची. हा मुलगा जन्माने विस्कॉन्सिनचा, ऑशकॉशचा. मिलवॉकीत त्याची हुर्यो उडवणारे त्याच्याच राज्यातले लोक होते.

पुण्याहून नोकरीसाठी इंडियानात आलेले आम्ही बरेच जण आहोत. इथे पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधले लोक आपल्याशी काय बोलतात, तर बास्केटबॉल. हायस्कूलच्या सामन्यांना इथे गावंच्या गावं लोटतात. १९७६ मध्ये पेसर्स एबीए या प्रतिस्पर्धी लीगमधून एनबीएत आले तेव्हा टीमच्या तिजोरीत काही उरलं नव्हतं. जुलै १९७७ मध्ये कोच बॉबी लिओनर्ड आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी टीव्हीवर टेलिथॉन भरवला. ८,००० सीझन तिकिटं विकली गेली नाहीत तर टीम जाणार, असं लोकांना सरळ सांगितलं. तिकिटं विकली गेली. न्यूयॉर्कच्या किंवा लॉस एंजेलिसच्या फॅनला आपली टीम अशी हाताने धरून ठेवावी लागलेली नाही. आम्हाला लागली, मिलवॉकीलाही लागली. असे दोन जण समोरासमोर येतात तेव्हा हरणं फार लागतं.

लालबागचा लेकर

ठाम असहमत. दोन वर्षांच्या भांडणाला वैर म्हणायचं तर लीगमध्ये पंधरा वैरं निघतील. लेकर्स आणि सेल्टिक्स फायनलमध्ये १२ वेळा भिडलेत, १९५९ पासून २०१० पर्यंत. तुमच्या दोन टीम पहिल्या फेरीत भिडल्या, आणि २०२४ मध्ये तर दुखापतीमुळे यानिस मालिकेत खेळलाच नाही.

आणि पेसर्सचं खरं वैर कोणाशी हे तुम्ही सोयीने गाळलंत. ते न्यूयॉर्कच्या निक्सशी आहे. तुमच्या रेजी मिलरने १९९५ मध्ये निक्सविरुद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नऊ सेकंदांच्या आत ८ गुण काढले, ते आजही दाखवतात. २०२५ मध्ये ईस्टची (लीगच्या पूर्व गटाची) फायनल तुम्ही निक्सना ४-२ ने हरवून जिंकलात, तेव्हा शहरात जो जल्लोष झाला तो मिलवॉकीला हरवल्यावर झाला होता का? लहान शहराला मोठ्याचा राग असतो. त्या रागातूनच गोष्टी जन्माला येतात.

दोन लहान शहरं फायनलला आली की काय होतं तेही बघा. २०२५ ची ओक्लाहोमा सिटी विरुद्ध इंडियाना ही फायनल सात सामन्यांपर्यंत गेली. पहिला सामना हॅलिबर्टनने ०.३ सेकंद शिल्लक असताना जिंकून दिला. यापेक्षा सरस नाट्य कुठून आणायचं? तरी अमेरिकेत सरासरी प्रेक्षक एक कोटीच्या आसपास. १९९८ च्या फायनलला ते २ कोटी ९० लाख होते.

कार्मेलकर

१९९८ ला समोर युटा होतं. सॉल्ट लेक सिटी काय महानगर आहे? लोक शिकागोच्या मायकल जॉर्डनला बघायला बसले होते. आणि प्रेक्षकसंख्येवर वैर मोजायचं ठरलं तर गावातल्या दोन तालमींचं वैर खोटंच म्हणावं लागेल.

निक्सबद्दल. मिलरचे ते ८ गुण मला तोंडपाठ आहेत. पण न्यूयॉर्ककडून हरलो तर आमच्याकडे सबब तयार असते: त्यांच्याकडे पैसा आहे, झगमगाट आहे, खेळाडूंना तिथेच जायचं असतं. मिलवॉकीकडून हरलो की सबब संपते. त्यांच्याकडे समुद्र नाही, हॉलीवूड नाही, थंडी आमच्याहून जास्त. त्यांनी २०१३ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) १५ व्या क्रमांकावर एक किडकिडीत ग्रीक मुलगा, हाच यानिस, निवडला, त्याला घडवला, डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा करारबद्ध केला आणि २०२१ ला अजिंक्यपद नेलं. म्हणजे आमच्यासारख्या शहराला हे जमतं. मग आम्हाला का जमलं नाही? हा प्रश्न मिलवॉकीच विचारू शकते, न्यूयॉर्क नाही.

सिअ‍ॅटलस्थ

तुम्ही दोघंही निष्ठेबद्दल असं बोलताय जणू ती फक्त फॅनची आणि शहराची बाब आहे. मी सिअ‍ॅटलला राहतो, म्हणून थोडं कडक लिहितो.

सॉनिक्स ही आमची एनबीए टीम इथे १९६७ पासून होती. १९७९ चं अजिंक्यपद इथलं. २००६ मध्ये हॉवर्ड शुल्ट्झ यांनी टीम ओक्लाहोमाच्या गुंतवणूकदारांना विकली, नव्या एरिनावरून (बंदिस्त स्टेडियमवरून) शहराशी वाद झाला, आणि २००८ मध्ये ४.५ कोटी डॉलरची तडजोड करून टीम ओक्लाहोमा सिटीला निघून गेली. ४१ वर्षांची निष्ठा होती, उपयोग शून्य. नाव आणि रंग तेवढे आमच्याकडे राहिले.

छोट्या शहरांच्या फॅननिष्ठेचं जे कौतुक चाललंय, तिच्याकडे मालक वाटाघाटीतलं हत्यार म्हणून बघतात. फॅन जितका जीव लावेल तितकी ‘एरिना द्या, नाहीतर जातो’ ही धमकी महाग होते. डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी किमान ९० कोटी डॉलरच्या एरिनासाठी स्वतःवर एक टक्का विक्रीकर कायम ठेवला, सहा वर्षांसाठी. टीमचा वाटा ५ कोटी. मिलवॉकीच्या एरिनात २५ कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून गेले. हे प्रेम आहे की खंडणी, याचं उत्तर धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

नदीकाठची

सिअ‍ॅटलस्थ, तुमच्या शहराचं दुःख खरं आहे, पण २०१३ मध्ये काय झालं तेही लिहा. सिअ‍ॅटलच्या गुंतवणूकदारांनी आमचे सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेऊन न्यायचा करार केला होता. तेव्हा सॅक्रामेंटोचं काय होईल असं तिकडे फार कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आम्ही सॅक्रामेंटोत आहोत. १९८५ मध्ये कॅन्सस सिटीहून टीम इथे आली, तेव्हा शहरात या दर्जाची दुसरी टीमच नव्हती. लेकर्सचे तेव्हाचे कोच फिल जॅक्सन यांनी आमच्या शहराला गुराढोरांचं गाव म्हटल्यावर लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मैदानात बसायला लागले. २०१३ मध्ये महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीएत खेळले होते, नवे खरेदीदार शोधत फिरले. लोक महिनोन्‌महिने नगरसभेत जाऊन बसले. शेवटी मालकांच्या सभेत २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं गेलं. टीम घेतली विवेक रणदिवे यांनी, जन्म मुंबईचा. निष्ठेचा उपयोग शून्य असता तर आज ती टीम तुमच्याकडे असती.

रणदिवे यांच्यामुळेच ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले. किंग्ज विरुद्ध पेसर्स, दोन लहान शहरं. पहिला पेसर्सने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ ने जिंकला आणि तो बघायला हजारो शाळकरी मुलं होती. लालबागकर, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर झालेला हा सामना होता. त्या मुलांना मार्केटचा आकार कोणी सांगितला नव्हता.

कार्मेलकर, तुमच्याशीही एक हिशेब आहे. हॅलिबर्टन आमचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या टीमने तो तुम्हाला दिला आणि बदल्यात तुमचा साबोनिस घेतला. टीम सोडावी लागल्याने हॅलिबर्टन दुखावला गेला होता, हे त्याने बोलूनही दाखवलं. साबोनिसने आम्हाला २०२३ ला प्लेऑफ दाखवलं, १६ हंगामांचा दुष्काळ संपवला, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. तरी तुमच्या टीमला फायनलमध्ये बघताना मला जे वाटलं ते लेकर्सला बघून कधीच वाटलेलं नाही. सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला तेव्हा आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं.

लालबागचा लेकर

वरळीचा सामना माझ्या शेजारच्या मुलाने पाहिला. आज तो गोल्डन स्टेट वॉरियर्स या भलत्याच टीमची जर्सी घालतो. निष्ठा तयार व्हायला अंगावर रोजचा पाऊस पडावा लागतो. एका संध्याकाळीने ती होत नाही, आणि लहान शहरांचे सामने आपल्यापर्यंत रोज पोचत नाहीत. म्हणून मी मोठ्या मंचाबद्दल, फायनल आणि प्रेक्षकसंख्येबद्दल बोलतो. पण नदीकाठची यांचा हॅलिबर्टनचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. दोन लहान शहरं एकमेकांचे खेळाडू अदलाबदल करतात आणि फॅन मध्ये पोळतो. हे वैर नव्हे, व्यवहार आहे.

मिशिगनकाठ

उशिरा येतोय. मी मिलवॉकीचा, म्हणजे वर ज्यांच्याविरुद्ध लिहिलंय तो पक्ष.

आधी सिअ‍ॅटलस्थ यांना. हर्ब कोल यांनी १९८५ मध्ये बक्स १.८ कोटी डॉलरला विकत घेतले ते टीम बाहेर जाऊ नये म्हणून. २०१४ मध्ये ५५ कोटींना विकताना त्यांनी नव्या एरिनासाठी स्वतःचे १० कोटी दिले आणि टीम इथेच राहावी ही अपेक्षा जाहीरपणे धरली. सगळे मालक एका मापाचे नसतात. अर्थात लीगने नव्या एरिनासाठी २०१७ ची मुदत घातली होती आणि एरिना झालं नाही तर टीम परत विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला होता, हेही खरं. सरकारी पैशाला माझा तेव्हा विरोध होता, आजही आहे. शेजारच्या ग्रीन बेमध्ये अमेरिकन फुटबॉलची टीम शेअरच्या रूपाने लोकांच्याच मालकीची आहे आणि ती कुठे जाऊ शकत नाही. एनबीएने तो रस्ता बंद ठेवलाय, खरा राग तिथे असायला हवा.

आता कार्मेलकर. तुम्ही माइल्स टर्नरचं नावही घेतलं नाहीत. दहा हंगाम तुमच्याकडे खेळलेला माणूस, फायनल हरल्यानंतर काही दिवसांतच आमच्याकडे आला. तुमच्या मालकांनी वीसेक वर्षं लक्झरी टॅक्स (खेळाडूंच्या पगाराची ठरलेली मर्यादा ओलांडली तर लीगला द्यावा लागणारा कर) भरलेला नाही आणि फायनलपर्यंत पोचलेली टीम एकत्र ठेवायची वेळ आली तेव्हाही हात आखडता घेतला. आमच्या लोकांनी त्याच्यासाठी जागा करायला आमच्याच दुखापतग्रस्त खेळाडूला, लिलार्डला, सोडलं आणि त्याच्या उरलेल्या ११.३ कोटी डॉलरचा बोजा पाच वर्षांवर पसरून अंगावर घेतला. ते धोरण शहाणपणाचं नव्हतं असं माझं मत आहे. पण दोन लहान शहरांपैकी कोणी जिवावर उदार होऊन खेळलं, हे उघड आहे.

कार्मेलकर

टर्नरचं नाव घेतलं नाही कारण ते अजून लिहिता येत नव्हतं. पैशाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य: फायनलच्या टीमवर कर भरायचा नसेल तर १९७७ साली लोकांनी तिकिटं का घेतली, असं मीही टीमला विचारतो.

पण हे त्याने न्यूयॉर्कला जाऊन केलं असतं तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. तो तुमच्याकडे गेला. लालबागकर याला व्यवहार म्हणतात. आमच्या एरिनात तो हिरव्या जर्सीत उतरेल तेव्हा मी हुर्यो करणार आहे, आणि सामना संपल्यावर त्याने आम्हाला दिलेल्या दहा वर्षांसाठी उभा राहून टाळ्याही वाजवणार आहे.

सिअ‍ॅटलस्थ

वाजवा. टाळ्या वाजवायला तुमच्याकडे टीम तरी आहे. नदीकाठची, २०१३ बद्दल तुमचं बरोबर आहे आणि ते मला बोचतं. आम्हाला टीम हवीच आहे, पण नवी हवी, कोणाच्या घरातून उचललेली नको. लीगमध्ये ३० टीम आहेत. दोन वाढवल्या तर राष्ट्रीय टीव्हीच्या पैशात प्रत्येकाचा वाटा थोडा घटेल, एवढंच. मिशिगनकाठ, लोकांच्या मालकीचा मुद्दा वेगळ्या धाग्यात काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन.