पोपडे आलेली भिंत घरीच रंगवायची आहे. पुट्टी किती लागेल?

भिंतकर: बेडरूमची १० × ९ फुटांची भिंत, पलीकडे बाथरूम. खालच्या अडीच फुटांत पोपडे आणि पांढरा खार. एका भिंतीसाठी रंगारी यायला तयार नाहीत, म्हणून दिवाळीआधी स्वतःच खरवडून पुट्टी, प्रायमर, रंग असा बेत आहे. दुकानदार म्हणतो आतून डॅम्पप्रूफचे (ओल अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात मारा. सामान किती आणू?

थापीवाला: सामान नंतर. पलीकडे बाथरूम आणि ओल खालून वर, म्हणजे संशय नहाणी ट्रॅपवर (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) किंवा टाइल्सच्या सांध्यांवर. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं कोंबून ट्रॅप घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, पेन्सिलीने पातळीची खूण करा. २४ तासांत पातळी ठळक उतरली तर पाणी जमिनीतून जातंय (बोळा गळत नाही ना, तेही बघा). पातळी तशीच राहिली तर पुढचा संशय कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या पाइपवर. तो हातपंपाने दाब देऊन तपासावा लागतो, त्याला प्लंबरच हवा.

सांधे फुटले असतील तर ते काम घरी जमतं. जुनं ग्राउट (सांध्यात भरलेला मसाला) २-३ मिमी खोल खरवडा, बाथरूम पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी ग्राउट. पाकीट अंदाजाने अर्धं कालवू नका. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण चुकलं की ते चिकटच राहतं. टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळल्यावर तो धुरकट थर निघता निघत नाही. ट्रॅपच्या भोवतीच गळत असेल तर मात्र फरशी फोडणं आलं, तिथे ग्राउटने भागत नाही.

आतून डॅम्पप्रूफ मारू नका. पाणी मागून येतच राहणार, पुढची वाट बंद झाली की ते बाजूला सरकतं आणि फूटभर पलीकडे नवे पोपडे.

पत्रा_पुट्टी: थापीवाल्यांशी सहमत. माझी भर खाराबद्दल. पाण्याबरोबर गिलाव्यातले क्षार पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडतं, स्फटिक मागे राहतात आणि रंगाला ढकलतात. म्हणून खार कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतलात तर विरघळून परत आत जातो.

गळती थांबल्यावर पोपडे काढून भिंत उघडी ठेवा. हात लावून कोरडी लागते ते खरं नाही. फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. दिवाळी हुकली तर हुकू दे. पावसाळा संपल्या संपल्या भिंती तशाही ओल्याच असतात.

पूर्ण भिंतीला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी १० किलो पुरे. पीओपी नको, ओल लागली की भुसभुशीत होतं. किलोला साधारण ३५० ते ४०० मिली पाणी. पाण्यात पावडर टाकायची, उलट केलं तर गुठळ्या होतात. एका वेळी दोन किलोच कालवा. आवळायला लागलेल्या पुट्टीत पाणी घालून ती सैल केली की नंतर पावडर सुटते. दोन पातळ हात, मिळून जास्तीत जास्त दीड मिमी. खड्डे खोल असतील तर आधी गिलावा, पुट्टीने खड्डे बुजवायचे नसतात. घासायला १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०. प्रायमर लिटरभर, इमल्शन दोन लिटर.

मेनस्विच: त्या अडीच फुटांत प्लग पॉइंट असेल तर खरवडण्याआधी मेन बंद, टेस्टरने खात्री. बोर्डाची पेटी ओली दिसली तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो पॉइंट वापरू नका. आणि खाली जुना ऑइल पेंट निघाला तर कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीचा रंग पाणी शिंपडून खरवडायचा, मास्क लावून, आणि लहान मुलं घरात नसताना.

भिंतकर: ट्रॅप आज रात्री बंद करतो. बादलीत हळद टाकली तर गळती भिंतीवर दिसेल का?

थापीवाला: हळद गाळासारखी तळाशी बसते. खाण्याचा लाल रंग टाका, पण सांध्यांना डाग पडतील. ग्राउट बदलणारच असाल तर हरकत नाही.