व्हायझरला मराठीत काय म्हणाल?

टाचणटिपण: अमेरिकेच्या मर्क्युरी या पहिल्या मानवी अंतराळमोहिमेतल्या सरावाच्या हेल्मेटवर मुलांसाठी मजकूर लिहितेय. गुडरिच कंपनीचा सूट, १९६२ साली अंतराळवीर जॉन ग्लेन घालून गेला तो. व्हायझरला, म्हणजे हेल्मेटच्या पुढच्या काचेला, मी ‘झडप’ लिहिलं, संपादकबाईंनी ते खोडून ‘मुखावरण’ केलं. मला तर ते करोनातल्या मास्कसारखं वाटतं. काच खाली ओढली की कडेची रबरी पट्टी छोट्या बाटलीतल्या ऑक्सिजनने फुगते आणि फट बुजते. शब्द सुचवा.

रिकामटेकडा: झडप म्हणजे व्हॉल्व्ह. पंपाची, हृदयाची. त्या सुटात ऑक्सिजन धडापाशी शिरून हेल्मेटमधून बाहेर पडायचा, म्हणजे तिथे खरीखुरी झडपही येणार. मग काय, झडप क्रमांक दोन?

खडूसकाका: आधी ‘हेल्मेट’ काढा. शिरस्त्राण हा शब्द असताना उसनवारी कशाला?

पेठकर: काका, पुण्यात ‘शिरस्त्राणसक्ती’विरुद्ध मोर्चा निघालेला ऐकलाय कधी?

खडूसकाका: मोर्चेकऱ्यांनी मराठी बिघडवली, त्याला मी काय करू?

नदीकाठ: पादत्राणाचं पायताण झालं, तसं शिरताण चालवा की. आमची आजी पायताण काढायची ती घालायला नाही, फेकून मारायला.

मूळव्युत्पत्ती: रशियन ‘श्लेम’ आणि इंग्रजी ‘हेल्म’ मुळात एकच. संस्कृत ‘शर्मन्’, म्हणजे आसरा, त्याच घराण्यातला. म्हणजे १९८४ साली सोयूझ टी-११ या रशियन यानातून गेलेल्या राकेश शर्मांच्या आडनावातच हेल्मेट होतं!

रिकामटेकडा: हे जरा ओढूनताणून वाटतं. शिवाय सोयूझच्या सोकोल सुटाला कडक हेल्मेट नसतंच. कापडी टोपरं सुटालाच जोडलेलं, पुढे तेवढी काच. त्याला शिरस्त्राण म्हणणार का, काका?

खडूसकाका: डोक्याचं रक्षण करतं ना? मग झालं.

टाचणटिपण: काचेचं काय? मजकूर उद्या द्यायचाय.

पेठकर: ‘काच’च लिहा. पोरांना कळतं.

नदीकाठ: आणि हेल्मेटला टोप. जिरेटोप आहेच की. मर्क्युरीत प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाने आतलं अस्तर घडवत, अपोलोत काचेरी घुमट जागचा हलायचा नाही, आत डोकंच वळवायचं. दोन्हींना टोप शोभतो.

गिरगावकर: टोप? आमच्याकडे टोपात भात शिजतो.

पेठकर: त्याला पातेलं म्हणतात.

गिरगावकर: पातेलं वेगळं. टोपाला काठ असतो.

खडूसकाका: काठ पातेल्यालाही असतो. कोणत्या भांड्यांच्या दुकानात जाता तुम्ही?