मदत हवी आहे : विमानतळावरच्या लोडर पोरांचा ओव्हरटाइम आणि पीएफ

मंडळी, तासगाव-मिरज पट्ट्यातली काही पोरं पुण्याला विमानतळावर कंत्राटदाराकडे लोडर (विमानात सामान चढवणारे-उतरवणारे) आहेत. त्यांच्यासाठी विचारतोय.

ए३२० विमानाच्या पोटात, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, ताठ उभं राहता येत नाही. गुडघ्यावर बसून एकेक बॅग आत सरकवायची, आणि एक नग ३२ किलोपर्यंत असू शकतो. विमान उशिरा आलं की थांब्याची वेळ कापतात, माणसं मात्र तेवढीच. मग बीकन (इंजिन चालू असल्याचा लाल दिवा) विझायच्या आणि चाकांना चोक (अडसर) लागायच्या आधीच सुपरवायझर ‘चला पुढं’ म्हणतो. चालू इंजिन माणसाला आत ओढून घेतं. हे तर मुळीच खपवून घेऊ नये.

दुसरं दुखणं पगाराचं. आठ तास झाले की बायोमेट्रिकवर ‘आउट’ करायला लावतात आणि काम पुढं चालूच. दुप्पट दराचा ओव्हरटाइम कागदावर येतच नाही. अशा वेळी गेटवरची पासची नोंद पुरावा म्हणून मागता येते का? कुणाकडून?

पीएफ कापल्याचं पगारपत्रकात दिसतं, पासबुकात काही महिने कोरे. नोकरी सोडलेल्यांची ‘एक्झिट’ तारीखही भरलेली नाही. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन टाकता येते, एवढं त्यांना सांगितलंय. पण कोऱ्या महिन्यांची तक्रार पीएफ कार्यालयात करायची, की केंद्रीय कामगार आयुक्तांकडे मूळ मालकालाही (ज्याचं काम कंत्राटदार करतो त्याला) पक्षकार करून?

नोकरी सोडताना विमानतळाचा एंट्री पास परत केल्याची पोच न देता शेवटचा हिशोब अडवतात, त्यावर कुणी तोडगा काढलाय का? सांगली-साताऱ्यात हे काम जाणणारा वकील किंवा युनियनवाला असेल तर जरूर सांगा.