गिटारिस्ट नसलेल्या बँडमध्ये बेसनेच गिटारची जागा भरायची का?

खर्जवाला

आमचा गिटारिस्ट बँड सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही, वेळा जमेनात इतकंच. उरलो चौघं: ड्रम्स, कीबोर्ड, गायिका आणि बेसवर (खर्जाच्या चार तारांच्या गिटारवर) मी. नवा गिटारिस्ट शोधायचा नाही, आहोत तेवढ्यांनीच उभं राहायचं असं ठरलंय. या काळात माझं एक मत पक्कं झालं. अशा बँडमध्ये बेसवाल्याने नेहमीसारखं वाजवून भागत नाही, गिटारचं कामही त्यानेच अंगावर घ्यायला हवं.

आमच्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळे क्षणभर थांबतात आणि मग एकदम ध्रुवपदावर उतरतात. पूर्वी त्या जागी गिटार अक्षरशः अंगावर यायची. गिटार गेल्यावर पहिल्याच तालमीत तिथे उतरलो तर गाणं मोठं होण्याऐवजी बसलंच. गायिकेने मागे वळून पाहिलं, काही बोलली नाही, पण मला कळलं.

आधी फझ (आवाज करकरीत करणारं, पायाने दाबायचं पेडल) लावून पाहिला. करकर भरपूर, पण पायाखालची जमीन गेली. डिस्टॉर्शन लाटेचे शेंडे छाटतं आणि वरचे स्वर वाढवतं. त्या गर्दीत मूळ खर्ज दबून जातो. मग सिग्नल दोन वाटांनी नेला. एका वाटेवर साधारण २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपनांच्या) खालचा आवाज, स्वच्छ, थोडा कॉम्प्रेस केलेला (कमीजास्त आवाज एकसारखा केलेला), थेट बेस अँपला. दुसऱ्या वाटेवर खालचं सगळं कापून ओव्हरड्राइव्ह (फझपेक्षा सौम्य करकर) आणि ऑक्टेव्ह-अप (तोच स्वर एक सप्तक वर देणारं पेडल), आणि ते गिटार अँपला. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ड्रमर वाजवायचा थांबला आणि म्हणाला, "दोघं जण वाजवतायत असं वाटलं."

रॉयल ब्लडमध्ये माइक कर हेच करतो. बेस आणि ड्रम्स, दोघंच, आणि २०१४ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये कुठेही कमतरता जाणवत नाही. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, डेथ फ्रॉम अबव्ह १९७९ या कॅनडातल्या जोडीत जेसी कीलरने बेसलाच भिंतीसारखं उभं केलं होतं. म्हणून म्हणतो, जागा रिकामी असेल तर ती भरा. तुमचं मत सांगा.

मोकळी तार

मला हे अजिबात पटत नाही. ती पोकळी ऐकणाऱ्याला जाणवत नाही, तुम्हाला जाणवते. तुमच्या चौघांच्या कानात ते गाणं गिटारसकट बसलंय, म्हणून गिटार नसली की खड्डा दिसतो. गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला ते ऐकवा आणि "काय कमी आहे?" असं न विचारता "काय लक्षात राहिलं?" असं विचारा.

मॉर्फीन ऐका. मार्क सँडमन दोन तारांचा बेस स्लाइडने वाजवायचा, बरोबर डेना कॉलीचा बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ड्रम्स. गिटार जवळजवळ नाहीच, आणि दोन्ही सुरेल वाद्यं खालच्याच पट्टीतली. तरी तो आवाज भरलेला आहे, कारण वरची सगळी जागा गळ्यासाठी मोकळी ठेवली आहे. तुम्ही तुमच्या गायिकेच्या डोक्यावर ओव्हरड्राइव्ह बसवताय. शब्द ऐकू येतात का, तिला विचारलंत?

स्वरांतर

दोघांनीही एका गोष्टीला हात लावला नाही: तुम्ही कोणते स्वर वाजवता. पेडल घ्यायच्या आधी बोटं बदलून पाहा.

गिटार गेल्यावर खरी कमतरता असते ती गंधाराची, म्हणजे कॉर्डच्या मूळ स्वरापासून तिसऱ्या स्वराची. कॉर्ड मेजर की मायनर, हे सांगणारा स्वर तोच. बेसवर शेजारशेजारच्या तारांवर मूळ स्वर आणि गंधार एकत्र धरला तर चिखल होतो, इतक्या खाली कानाला ते दोन स्वर वेगळे करता येत नाहीत. तोच गंधार एक सप्तक वर न्या. ई तारेवर पाचव्या फ्रेटला (पडद्याला) ए (५५ हर्ट्झ) आणि त्याच वेळी जी तारेवर सहाव्या फ्रेटला सी शार्प (साधारण १३९ हर्ट्झ). मधल्या दोन तारा (ए आणि डी) बोटाने दाबून गप्प करा. एकाच बेसवर अख्खी मेजर कॉर्ड ऐकू येईल, तीही कुठलंही पेडल न लावता. मायनर हवी तर सी शार्पऐवजी पाचव्या फ्रेटचा सी.

डिस्टॉर्शनमध्ये मात्र हा गंधार टाळा. तिथे दोन स्वर एकमेकांत मिसळून त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, म्हणजे फरकाचा स्वर बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. म्हणून पॉवर कॉर्ड (नुसत्या षड्ज-पंचमाची कॉर्ड) डिस्टॉर्शनमध्येही ठाम वाजते. गंधाराबाबत फ्रेटच्या वाद्यांवरचं प्रमाण तितकं शुद्ध नसतं, मग ती गुरगुर सुरू होते. आणि मोकळ्या ई तारेवर पंचम धरून ओव्हरड्राइव्ह लावू नका. मूळ स्वर ४१ हर्ट्झ, फरकाचा स्वर २०.६. तो कानाला जवळजवळ लागत नाही, स्पीकर मात्र त्यात दमतो. पंचम डी आणि जी तारेवर घ्या.

खर्जवाला

@स्वरांतर, सी शार्प आत्ताच वाजवून पाहिला. अँपही न लावता खोलीत ऐकू आला. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

@मोकळी तार, मॉर्फीन मलाही अतिशय आवडतं, पण ते उदाहरण इथे लागू होत नाही. ती गाणी जन्मापासूनच तशी होती. आमची गाणी गिटारवर बसून बांधली आहेत. चार खांबांवर बांधलेल्या घराचा एक खांब काढला तर "मोकळी हवा येते" म्हणून कसं चालेल? बेन फोल्ड्स फाइव्हमध्ये गिटार नव्हती, पियानो होता, तरी रॉबर्ट स्लेजला बेसवर फझ लावावासा वाटलाच ना?

मोकळी तार

वाटला, पण ठरावीक जागी. अख्खा वेळ लावून ठेवलेला फझ दोन मिनिटांत कानाला सपाट वाटायला लागतो. आणि घराचंच म्हणाल तर खांब काढल्यावर छत नव्याने बांधावं लागतं. सुरावट बदला, पट्टी बदला, लय थोडी उतरवा. गाणं तुमचंच आहे, तुम्हाला कोण अडवणार?

ठेकेदार

ड्रमवाल्याच्या बाजूने दोन ओळी. बेसचं ओव्हरड्राइव्ह आणि क्रॅश सिंबल (मोठी झांज) एकाच पट्ट्यात भांडतात. बेसवाला पेडल दाबतो त्याच क्षणी आपल्यालाही सिंबलवर तुटून पडावंसं वाटतं, आणि मग सगळ्याचा नुसता फेस होतो. त्या जागी फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर) जा आणि सिंबल फक्त समेला. बेस लगेच मोठा वाटतो.

कन्सोलमागून

मी साउंड सांभाळतो. दोन वाटांची पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. असाच एक बेसवाला माझ्याकडे आला होता. स्वच्छ आवाज डीआयमधून (अँपशिवाय सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीतून) थेट, करकर डिजिटल प्रोसेसरमधून. बाकी सगळं झकास, पण मोकळी जी तार वाजवली की आवाज पातळ, जणू कोणी नळ बंद केला. तारा बदलल्या, केबल बदलली, काही फरक नाही.

प्रोसेसरची वाट काही मिलिसेकंद मागे पडत होती. ५ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे १०० हर्ट्झला बरोबर अर्धी लाट, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झवर. एक लाट वर जाताना दुसरी खाली, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. मोकळ्या ई तारेला त्याच उशिराचा फारसा त्रास होत नाही, म्हणून दोष लवकर सापडतही नाही. करकरीच्या वाटेतून २०० च्या खालचं खरोखर कापलं जातंय का, हे ती वाट एकटी ऐकून बघा. नाहीतर दोन्ही वाटा एकाच यंत्रातून काढा, म्हणजे उशीर दोघींना सारखाच.

तत्त्वाचं विचाराल तर मी खर्जवाल्यांच्या बाजूचा. समोर उभ्या माणसाला छातीत काहीतरी जाणवावं लागतं.

डावा हात

मी याच बँडमधली कीबोर्डवाली. अरे, हे सगळं तू इथे लिहितोयस, मग तालमीत मला का नाही विचारलंस?

त्या ध्रुवपदावर गाणं बसतं ते बेसमुळे नाही. गिटार गेल्यापासून मी घाबरून दोन्ही हातांनी जाड कॉर्ड धरते आणि माझा डावा हात थेट तुझ्या जागेत उतरतो. तू ए वाजवतोस, मीही तोच ए, वर त्याचा पंचम. तुझा स्वच्छ खर्ज माझ्याच खाली गाडला जातो, मग तू पेडल दाबतोस, मग मी आणखी जोरात. काल घरी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा माझंच मला दिसलं.

येत्या तालमीत मी डावा हात मांडीवर ठेवते. उजव्या हाताने ऑर्गनवर फक्त दोन स्वर, मधल्या सप्तकात. तू तो सी शार्प वाजव, तोही स्वच्छ. आधी असं वाजवू, मग तुझ्या दोन्ही वाटा लावून वाजवू.

खर्जवाला

चालेल. माझं मत अजून बदललेलं नाही, ध्रुवपदाला मला ती भिंत हवीच आहे. पण थांब्याआधीच्या कडव्यात पेडल बंद ठेवतो. फोन गायिकेच्या माइकपाशी ठेवून दोन्ही वेळा रेकॉर्ड करू, म्हणजे शब्दांचंही कळेल. @मोकळी तार, दोन्ही फाइली तुम्हाला पाठवतो. कोणती कुठली, ते सांगणार नाही.

मोकळी तार

पाठवा. गाणं मी ऐकलेलं नाही, त्यामुळे काय लक्षात राहिलं तेवढंच लिहीन.