मदत हवी आहे : आजीचं बोलणं फोनला नीट कळावं म्हणून काय करू?

मंडळी, आजी 79 वर्षांची, कोल्हापुरात शिवाजी पेठेत एकटी राहते, मी नोकरीमुळं पुण्यात. मोतीबिंदूमुळं तिला टाइप करता येत नाही, म्हणून रोजचं बीपी आणि साखर बोलूनच फोनमध्ये नोंदवायला शिकवलं. पण कवळी काढलेली असली की शब्द फिरतात. परवा ती "एकशे साठ" म्हणाली, फोननं 108 लिहिलं. डॉक्टर हेच आकडे बघून गोळी कमी-जास्त करतात, त्यामुळं जीव टांगणीला लागतो.

दुसरं म्हणजे, ती दम घेत बोलते. जरा थांबली की फोन ऐकणंच बंद करतो. आणि "कवाधरनं गुडगं ठणकत्यात" हे आमचं बोलणं त्याला कळतच नाही. अशा यंत्रणा बहुतेक तरुणांच्या, प्रमाण भाषेतल्या आवाजावर शिकलेल्या असतात, हे ठाऊक आहे. तरी तिनं पुस्तकी बोलावं असं मला वाटत नाही.

थांबून बोललेलं पूर्ण ऐकणारं, आकडा परत म्हणून दाखवणारं मराठी ॲप कुणी वापरलंय का? केंद्र सरकारचं 2022 मधलं 'भाषिणी' (भारतीय भाषांतलं बोलणं ओळखणारं, भाषांतर करणारं) म्हाताऱ्या माणसांना कितपत जमतं? तोवर आकडे सुटे, "एक, सहा, शून्य" असे बोलायला सांगतोय.