गाडीतली अडीनडीची पिशवी : तुमचे अनुभव सांगा

पाऊसवेडी
काल डिकी आवरताना बाबांची पिशवी सापडली. टॉर्चमध्ये सेल फुटून हिरवट खार धरलेला. एकदम 26 जुलै 2005 आठवलं. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. बाबा कलिन्याला अडकले होते. पाणी दाराला लागताच त्यांनी काच खाली घेतली, म्हणून बाहेर पडता आलं. त्या दिवशी बंद गाड्यांत गुदमरून माणसं गेली. तेव्हापासून बाबांची हातोडी ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात असायची, डिकीत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची. पुढची काच फुटली तरी आतल्या पडद्याला धरून राहते, तिच्या नादी लागू नका.
तुम्ही काय काय ठेवता?

घाटवाट
वरंधा घाट, रात्रीचे नऊ, पंक्चर. जॅक लावला, पान्याने नट सैल केले, स्टेपनी काढली तर तीही बसलेली! हवा भरताना पाचवं चाक कुणाच्या लक्षात असतं? एका टेम्पोवाल्या दादांनी थांबून पंप दिला. देव भलं करो त्यांचं. आता 12 व्होल्टचा पंप गाडीतच असतो.

मीरा_कर्जत
सीएनजीवाल्यांनो, स्टेपनी सिलिंडरखाली आहे का ते आजच बघा. आम्ही लग्नाच्या सहा बॅगा रस्त्यावर उतरवल्या होत्या, मुहूर्त तासावर आलेला.

संत्रानगरी
आमच्याकडे मे महिन्यात 45 डिग्री. बंद गाडीत पॉवर बँक फुगून टम्म झाली, चिकटपट्ट्यांचा डिंक वितळून गोळा. लेकाचं ढोपर फुटलं तेव्हा एकही पट्टी चिकटेना, शेवटी ओढणी बांधली. औषधांची पिशवी आता घरात दाराशी, निघताना उचलते.

वऱ्हाडी
ताई नागपूरच्या का? मी धरमपेठेतला!

संत्रानगरी
हो दादा, माहेर महालात :)

आजीची_नात
आंबोलीत दरड आली, रात्र गाडीतच काढली. आईची जुनी सुती साडी होती. तिचंच पांघरूण, तिचाच आडोसा, बाळाला पुसायलाही तीच. शेजारच्या गाडीतल्या काकूंनी थर्मासमधलं गरम पाणी दिलं म्हणून दूध झालं. साडी आणि पॅड ठेवाच.

बर्फातला_मराठी
मिनेसोटात फावडं आणि ब्लँकेट लागतंच. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायचं तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी वायू आत शिरतो. पाण्याची बाटली दगड होते, तीही घरूनच न्यावी लागते.

घाटवाट
हायवेवर बंद पडलात तर लाल त्रिकोण बराच मागे ठेवा, पोरांना घेऊन कठड्यापलीकडे उभे राहा, मग 1033 ला, म्हणजे राष्ट्रीय महामार्गाच्या हेल्पलाइनला, फोन लावा. गाडीत बसून राहू नका हो, कळकळीने सांगतोय.

मीरा_कर्जत
पंप कुठला घेतलात? ह्यांचा वाढदिवस आहे रविवारी.

पाऊसवेडी
साडीचं वाचून डोळे भरले. टॉर्च टाकवेना, व्हिनेगरने खार घासून काढला आणि लागला! सेल आता वेगळ्या डबीत ठेवलेत.